प्लँट एचआरची ऑफर घ्यावी का? पद बघू नका, टेबल कोणतं मिळतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एमबीए एचआर झालंय, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत तीन वर्षं रिक्रूटमेंट केलंय, आणि आता रबाळे एमआयडीसीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून एचआर एक्झिक्युटिव्हची ऑफर आली आहे. कायम कामगार 110, त्यांची युनियन आहे. कंत्राटी 240. वर एकच एचआर मॅनेजर. पगार जवळपास आहे तेवढाच. घरच्यांचं म्हणणं, कारखाना ही मुलींची जागा नाही. तुमची स्वतःची भीती अशी की तिथे बाईमाणसाचं कोणी ऐकणार नाही आणि शेवटी कँटीन, युनिफॉर्म आणि वाढदिवसाचे केक एवढंच हाती उरेल.

यातला खरा प्रश्न शेवटचा आहे. प्लँटमधल्या एचआरचे सरळ दोन भाग पडतात. एका बाजूला भरती, ट्रेनिंग, कँटीन, युनिफॉर्म, कार्यक्रम, नोटीस बोर्ड. दुसऱ्या बाजूला टाइम ऑफिस (हजेरीच्या नोंदी), पगार, कंत्राटी कामगार, शिस्तभंगाच्या चौकशा, युनियन आणि सरकारी कार्यालयं. बाई रुजू झाली की तिला पहिला भाग मिळतो, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने मिळतो. ‘रात्री-अपरात्री तुम्ही कुठे धावणार’, ‘युनियनवाले काही बोलले तर उगाच त्रास’, अशी काळजी त्यामागे असते. पुढे प्लँटच्या एचआर हेडची जागा निघते, तेव्हा मुलाखतीत विचारतात: वेतन करार किती केले? चौकशा किती चालवल्या? फॅक्टरी इन्स्पेक्टरसमोर कोण बसायचं? या प्रश्नांपाशी हुशार बायका अडतात, कारण त्यांना ते काम कधी दिलेलंच नसतं. माझं मत असं की जा, पण दुसऱ्या भागातलं निदान एक टेबल स्वतःच्या नावावर मागून जा.

काही गोष्टी कारखान्यागणिक बदलतात. तळोज्याच्या केमिकल प्लँटमध्ये सेफ्टी आणि वैद्यकीय तपासण्या यांनी दिवस भरतो. महाप्याच्या इलेक्ट्रॉनिक्स जोडणीच्या युनिटमध्ये मुलींची संख्या मोठी असते आणि प्रश्न वाहतुकीचे, शिफ्टच्या वेळांचे, नोकरी सोडून जाण्याचे असतात. तुमच्या कारखान्यात प्रेस शॉप (पत्रा दाबून आकार देणारा विभाग) असेल तर बोटांचे अपघात, ऑर्डर वाढली की ओव्हरटाइम, ऑर्डर पडली की कंत्राटी माणसं कमी करणं, हे धरून चाला. युनियनचा पुढारी आतला कामगार आहे की बाहेरचा, आणि चालू करार कधी संपतोय, यावरही तुमचं पहिलं वर्ष कसं जाईल ते ठरतं. करार संपायला सहा महिने उरले असतील तर ती शिकायची उत्तम वेळ आहे.

‘बाईमाणसाचं ऐकतात का’ याचं उत्तर: कामगार ऐकतात, जर त्यांच्या पगाराबद्दल तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर निघालं तर. ओटी (ओव्हरटाइम) का कापली, रजा किती उरली, पीएफमध्ये वडिलांचं नाव चुकलंय ते कधी दुरुस्त होणार, हे विचारायला माणूस येतो. पहिल्या महिन्यात अशी उत्तरं दोन दिवसांत आणि खरी मिळाली की विषय संपतो. अडथळा येतो तो मधल्या फळीकडून, म्हणजे जुने सुपरवायझर आणि कंत्राटदारांचे मुकादम यांच्याकडून. त्यांना तुमच्यापर्यंत माहिती पोचू द्यायची नसते. त्यासाठी एक साधी सवय लावून घ्या. पाळी बदलताना, म्हणजे पहिली पाळी 7 ते 3 असेल तर पावणेतीन ते सव्वातीन, रोज गेटजवळच्या टाइम ऑफिसात उभं राहा. त्या अर्ध्या तासात दोन पाळ्यांची माणसं भेटतात. केबिनमध्ये बोलावलेला कामगार सुपरवायझरला सांगून येतो, गेटवर भेटलेला स्वतःचं बोलतो.

आता कामाचं. टाइम ऑफिस हे कारखान्यातलं सगळ्यात कमी मानाचं आणि सगळ्यात जास्त शिकवणारं टेबल आहे. पंचिंगचा डेटा आणि खरी हजेरी यांत फरक कुठे पडतो ते बघा. दोन कामगार आपसात पाळी बदलतात, सुपरवायझर तोंडी हो म्हणतो, सिस्टीममध्ये बदल जात नाही आणि दोघांची गैरहजेरी लागते. तिसऱ्या पाळीचा माणूस रात्री 11 ला आत येतो आणि दुसऱ्या तारखेला सकाळी 7 ला बाहेर पडतो. सॉफ्टवेअरमध्ये पाळीची व्याख्या चुकलेली असेल तर त्याचे दोन अर्धे दिवस होतात. दुसरी पाळी संपवून ओव्हरटाइमला थांबलेल्याचंही तेच. दर महिन्याला दहा जण निवडून पंचपासून बँकेत जमा झालेल्या रकमेपर्यंतचा हिशेब हाताने करा: त्यात एक नवा, एक तिसऱ्या पाळीचा, एक भरपूर ओटीवाला, एक सुट्टीवरून परतलेला हवाच. ओटीचा हिशेब असा: महिन्याचा पगार 15,600 असेल तर भागिले 26 म्हणजे दिवसाचे 600, भागिले 8 म्हणजे तासाचे 75, आणि ओव्हरटाइम दुप्पट म्हणजे तासाला 150. कित्येक ठिकाणी तो नुसत्या बेसिकवर काढतात आणि वर्षानुवर्षं कोणी बोलत नाही. मग एक दिवस मागच्या सगळ्या फरकाची मागणी येते. शेवटच्या हिशेबाची मुदतही लक्षात ठेवा. वेतन संहितेनुसार राजीनामा असो की कामावरून काढणं असो, पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. ‘पुढच्या महिन्याच्या पेरोलमध्ये बघू’ हे आता चालत नाही.

कंत्राटी कामगारांचं काम मात्र तुम्ही आग्रहाने मागा. तुमच्याकडे 240 माणसं आहेत, म्हणजे कायम कामगारांच्या दुपटीहून जास्त. कंत्राटदाराने पैसे थकवले तर कायदा मूळ मालकाकडेच, म्हणजे तुमच्या कंपनीकडे येतो, त्यामुळे हे टेबल जो सांभाळतो त्याच्या सहीला कारखान्यात वजन असतं. बिल तपासण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. पहिला आकडा गेटच्या नोंदीचा: 240 माणसं गुणिले 26 दिवस म्हणजे जास्तीत जास्त 6,240 मनुष्यदिवस. सुट्टीच्या दिवशी कोणाला बोलावलेलं नसताना बिलात त्याहून जास्त दिसले तर तिथेच थांबायचं. मग तो आकडा कंत्राटदाराच्या मस्टरशी (हजेरीपटाशी) जुळवायचा, मस्टर पगारपत्रकाशी, पगारपत्रक बँकेच्या जमा यादीशी, आणि शेवटी पीएफच्या ईसीआरशी (दर महिन्याचं नाववार विवरण) आणि ईएसआयच्या (कामगार विमा) यादीशी. ईसीआर आणि ईएसआय मागच्या महिन्याचं मागावं लागतं, कारण भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत होतो. नुसतं चलन घेऊन समाधान मानू नका. चलनावर एकूण रक्कम असते, नावं नसतात.

गडबड कुठे होते ते सांगते, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैला बदलतो. कंत्राटदार जुनाच दर चालू ठेवतो आणि फरक साठत जातो. ईसीआरमध्ये माणसांची संख्या बरोबर असते, पण ‘एनसीपी’ म्हणजे बिनपगारी दिवसांच्या रकान्यात 26 दिवस काम केलेल्या माणसापुढे 10 लिहिलेले असतात आणि पीएफ तेवढ्याने कमी भरलेला असतो. सोडून गेलेल्यांचे यूएएन (पीएफचे क्रमांक) चालू राहतात आणि नव्यांचे काढलेलेच नसतात. खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि मुकादम त्यातले काही रोख परत घेतो. हे कागदावर कधीच दिसत नाही, गेटवर दोन-तीन माणसांशी वेगवेगळं बोललं तरच कळतं. आणखी एक ठरलेली पळवाट बोनसची. कंत्राटदार दर महिन्याच्या बिलात 8.33 टक्के बोनस लावून घेतो आणि दिवाळीत माणसांना मिठाईचा डबा देतो. त्यासाठी बोनस आणि रजेच्या पगाराची रक्कम मासिक बिलातून वगळून ठेवायची आणि प्रत्यक्ष वाटप झाल्याचा बँकेचा पुरावा आला की सोडायची, ही अट करारातच घाला.

ईएसआयचं एक वेगळं सांगते, कारण इथे माणसाचं आयुष्य अडकतं. कंत्राटी कामगाराला ईएसआय क्रमांक नसेल तर गेटपास द्यायचा नाही, एक दिवससुद्धा नाही. प्रेस शॉपमधले अपघात बरेचदा नव्या माणसाला, पहिल्या काही दिवसांतच होतात. कामावरच्या दुखापतीचा लाभ मिळायला आधी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. तात्पुरतं अपंगत्व आलं तर वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. पण नोंदणीच अपघातानंतरच्या तारखेची असेल तर कामगाराची फरफट होते आणि कंपनीवर वसुली येते. ‘मॅडम, आज लाइन थांबेल, उद्या नंबर काढतो’ असं प्रॉडक्शनकडून रोज ऐकू येईल. या एका बाबतीत नकार द्यायला शिका.

आणखी एक, जे एचआरची मुलं-मुली न कळत करतात. कंत्राटी कामगाराची रजा तुम्ही मंजूर करू नका, त्याला मेमो तुमच्या लेटरहेडवर देऊ नका, त्याच्या पाळ्या तुम्ही लावू नका. हे सगळं कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडून झालं पाहिजे. उद्या तो माणूस कोर्टात ‘कंत्राट नावापुरतं, मालक खरे हेच’ म्हणाला तर हेच कागद पुरावा होतात. महाराष्ट्राच्या 1971 च्या एमआरटीयू-पल्प (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध) कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी) किंवा तात्पुरता म्हणून ठेवणं हे त्यात स्पष्ट लिहिलंय. ते परिशिष्ट छोटं आहे, पूर्ण वाचा. माझं स्वतःचं मत असंही आहे की ज्या मशीनवर बारा महिने माणूस लागतो तिथे कंत्राटी ठेवण्याचा हिशेब मॅनेजमेंटला वेळोवेळी मांडून दाखवणं हे एचआरचं काम आहे. ते बोलणं कठीण जातं, पण ते दुसरं कोणी बोलत नाही.

चौकशा, म्हणजे डोमेस्टिक इन्क्वायरी, कामगाराच्या गैरवर्तनाची कंपनीने केलेली चौकशी. पहिल्या वर्षी तुम्हाला चौकशी अधिकारी कोणी करणार नाही, पण आरोपपत्र लिहिणं आणि कंपनीतर्फे बाजू मांडणं मागून घ्या. बहुतेक चौकश्या आरोपपत्रातच हरतात. ‘तुम्ही वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले’ हा आरोप नाही, ते मत आहे. आरोप म्हणजे अमुक तारखेला दुपारी 3.20 वाजता प्रेस शॉपमध्ये चार नंबरच्या मशीनजवळ अमुक सुपरवायझरला अमुक शब्द वापरले, समोर अमुक दोघं होते, आणि हे स्थायी आदेशांच्या (कारखान्याच्या सेवाशर्तींच्या) अमुक कलमाखाली गैरवर्तन आहे. शिवी असेल तर शिवी जशीच्या तशी लिहायची. बायकांना इथे संकोच होतो आणि ‘अपशब्द’ असं लिहिलं जातं. मग चौकशीत तो कामगार विचारतो, कोणता अपशब्द? आरोपपत्र कामगाराला समजणाऱ्या भाषेत द्या. रबाळ्यात त्याचा अर्थ मराठी, नाहीतर हिंदी. ज्याने तक्रार केली तोच चौकशी अधिकारी असता कामा नये. कामगाराला साक्षीदाराची उलटतपासणी करू द्या आणि सोबत सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी बसू द्या. प्रत्येक पानावर हजर सगळ्यांच्या सह्या घ्या. सही नाकारली तर तसं तिथेच लिहून साक्षीदाराची सही घ्या. निलंबित केलं असेल तर निर्वाह भत्ता पहिले 90 दिवस 50 टक्के आणि उशीर कामगारामुळे नसेल तर पुढे 75 टक्के, आणि तो वेळेवर द्या. भत्ता थकवून चालवलेली चौकशी न्यायालयात उभी राहणं कठीण. शिक्षा ठरवताना मागची नोंद धरणार असाल तर त्याबद्दलही त्याला आधी विचारलेलं असावं.

वेतन कराराच्या टेबलावर तुम्हाला बसवणार नाहीत असं समजू या. तरी आकडेमोड करायला माणूस लागतोच. ते काम उचला, टेबलावर बसण्याची वाट तिथूनच जाते. युनियन म्हणते बेसिकमध्ये 1,000 वाढवा. मॅनेजमेंट मनात 1,000 गुणिले 110 धरते. पण पूर्ण पगारावर पीएफ भरत असाल तर 12 टक्क्यांचे 120 आले. ग्रॅच्युइटीचे 15 भागिले 26 या सूत्राने (वर्षाला 15 दिवसांचा पगार) महिन्याला साधारण 48 आले. बोनस 8.33 टक्के पूर्ण पगारावर देण्याची रीत असेल तर 83. इथवर 1,251 झाले. महिन्याला सरासरी 20 तास ओटी असेल तर वरच्याच हिशेबाने तासाला आणखी 9.60, म्हणजे 192. एकूण 1,443. कायम 110 जण आणि तीन वर्षांचा करार म्हणजे 36 महिने धरले तर 39.6 लाखांचा दिसणारा करार प्रत्यक्षात 57 लाखांच्या वर जातो. हा तक्ता ज्याच्याकडे असतो त्याला चर्चेच्या खोलीबाहेर ठेवता येत नाही. आणि एक बघून ठेवा: समेट अधिकाऱ्यासमोर (तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) झालेला करार सगळ्या कामगारांना बांधतो, दोघांत परस्पर झालेला करार फक्त त्यावर सही करणाऱ्यांना. युनियन दोन असतील तर हा फरक फार मोठा ठरतो.

आपल्या पट्ट्याचं म्हणून काही असतं ते पुस्तकात सापडत नाही. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतची टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत गावांच्या जमिनींवर उभी आहे. आसपासच्या गावांतल्या प्रकल्पग्रस्तांची मुलं नोकरीला आणि कामं मागायला गेटवर येणार, आणि त्यांच्या मागणीत न्याय आहे. त्यांना वॉचमनकरवी परत पाठवू नका. अर्ज घ्या, पोच द्या, जागा निघाली की खरोखर बोलवा, शिकाऊ उमेदवार घेताना पहिली यादी तीच काढा. कामगार भरतीत राजकीय चिठ्ठी आली तरी तीच पद्धत लावा. ट्रक भरण्या-उतरवण्याचा प्रश्न आला तर 1969 चा माथाडी (हमाल) कामगारांचा कायदा आणि त्याखालची मंडळं समजून घ्या. टोळी मंडळात नोंदलेली आहे का ते बघायचं, मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची जादा वर्गणी) मंडळामार्फतच भरायची, गेटवर कोणी येऊन ‘आम्ही माथाडी’ म्हणालं तर तोंडी काही ठरवायचं नाही, लेखी मागायचं आणि मंडळाकडे विचारायचं. सुरक्षा रक्षकांसाठीही राज्याचा 1981 चा वेगळा कायदा आणि वेगळं मंडळ आहे. आयटीतून येणाऱ्याला ही दोन्ही नावं नवीन असतात.

अपघाताच्या वेळी काय करायचं ते आधी ठरवून कागदावर ठेवा: रुग्णवाहिका कोण बोलावणार, सोबत कोण जाणार, घरी फोन कोण करणार. ईएसआय कार्ड आणि आधारची प्रत टाइम ऑफिसात हाताशी असली पाहिजे. मशीन पुसू द्यायचं नाही, फोटो काढायचे, बघणाऱ्यांचे जबाब त्याच पाळीत घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची गोष्ट एकसारखी झालेली असते. माणूस 48 तासांहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अहवाल जातो. मृत्यू किंवा तसाच गंभीर प्रकार असेल तर लगेच फोनवर. अपघात दडवून ‘घरी पडला’ असं लिहायला सांगणारा कोणी भेटला तर ती सही तुमची नसावी.

लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती हा विषय तुमच्याकडे आपोआप येईल, कारण प्लँटमध्ये बायका मोजक्या. सदस्य जरूर व्हा, पण पीठासीन अधिकारी (समितीची अध्यक्ष) होण्याचं टाळा. 2013 च्या कायद्याला तिथे वरिष्ठ पदावरची बाई अपेक्षित आहे, आणि कारखान्यात तशी नसेल तर कंपनीच्या दुसऱ्या कार्यालयातून आणता येते. एक्झिक्युटिव्हने प्रॉडक्शन हेडची चौकशी चालवायची ही रचनाच चुकीची. तक्रारीला घटनेपासून तीन महिने, चौकशीला 90 दिवस, त्यानंतर 10 दिवसांत अहवाल आणि अहवालावर 60 दिवसांत कारवाई, या मुदती पाळल्या जातायत का ते बघा. कँटीनमध्ये भाकऱ्या करणारी, पॅकिंगमध्ये बसणारी, झाडलोट करणारी कंत्राटी बाईसुद्धा या कायद्यात येते. तिला इंग्रजी पोस्टर वाचता येत नाही. मराठीत आणि हिंदीत लावा, आणि पोस्टर बायकांच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूला लावा, तिथे ते निवांत वाचता येतं.

घरच्यांना सांगण्यासारखं: ऐरोलीहून रबाळे हे ट्रान्स हार्बरवरचं एक स्टेशन, पुढे शेअर रिक्षा. एमआयडीसीचे आतले रस्ते रात्री आठनंतर ओस पडतात. उशिरा थांबावं लागलं किंवा रात्री बोलावलं तर घरापासून घरापर्यंत गाडी, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 च्या आत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था दोन्ही आवश्यक आहेत. प्लँट बघायला जाल तेव्हा शॉप फ्लोअरवरचं बायकांचं स्वच्छतागृह बघायचं आहे असं सरळ म्हणा. ऑफिसातलं नको, शॉप फ्लोअरवरचं. कारखाना बायकांना किती गृहीत धरतो ते तिथे लगेच समजतं. लग्न ठरतंय असं तुम्ही लिहिलंय, त्यावर एवढंच: 26 आठवड्यांची प्रसूती रजा हा हक्क आहे. त्याआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पुरे. पुढे कधीतरी रजा लागेल म्हणून युनियनची फाइल आजच सोडून देऊ नका.

शिक्षणाबद्दल. चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि त्यांत तुमच्या कामाचा एक बदल आहे. फॅक्टरी ॲक्टमध्ये कल्याण अधिकारी 500 कामगारांवर बंधनकारक होता, नव्या संहितेत ही मर्यादा 250 आहे. कँटीनची मर्यादा 250 वरून 100 वर आली. म्हणजे 350 माणसांचा तुमचा कारखाना आता कल्याण अधिकाऱ्याच्या कक्षेत येतो. या पदाला राज्याने मान्य केलेली पात्रता लागते आणि नुसत्या एमबीए एचआरवर ती आपोआप मिळत नाही. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेचा एमएलएस (मास्टर ऑफ लेबर स्टडीज) हा मुंबई-ठाण्यातला जुना, भरवशाचा रस्ता आहे. कामगार कायदे आणि कामगार कल्याणाची पदविका हा दुसरा, नोकरी सांभाळून जमण्यासारखा. प्रवेश घेण्याआधी तो विशिष्ट अभ्यासक्रम कल्याण अधिकारी पदासाठी मान्य आहे का, हे लेखी खात्री करूनच पैसे भरा. ही पात्रता हाती असली की तुमचं पद कंपनीच्या मर्जीवर न राहता कायद्याने लागणारं पद होतं, आणि मंदीत माणसं कमी करताना हा फरक कळतो.

ऑफर स्वीकारण्याआधी मॅनेजरला तीन गोष्टी विचारा. टाइम ऑफिस आणि कंत्राटी कामगारांची बिलं सध्या कोण तपासतं, आणि सहा महिन्यांत त्यातलं एक काम माझ्या नावावर येईल का? युनियनबरोबरच्या बैठकीत नोंदी घ्यायला मी बसू शकेन का? इन्स्पेक्टर आला किंवा ठाण्याला कामगार आयुक्तालयात जायचं असलं तर तुम्ही मला सोबत न्याल का? ‘आधी रुळा, मग बघू’ हे उत्तर तिन्हींना आलं तर पगार वाढवून देत असले तरी दुसरी ऑफर शोधा, तुर्भे-पावण्यापासून तळोज्यापर्यंत कारखान्यांना माणसं लागतात. एकालाही स्पष्ट ‘हो’ आलं तर घ्या, आणि ते काम ऑफर लेटरसोबतच्या जबाबदाऱ्यांच्या यादीत लिहून मागा. पगाराचं बोलणं त्याच्यानंतर करा.